पंचवीस मीटरचा ट्रेलर आपल्या हायवेवर चालेल का?

2025 च्या ऑगस्टमध्ये नागपुरात नितीन गडकरींनी झेंडा दाखवून एक लांबलचक गाडी रस्त्यावर सोडली. पुढे व्होल्वोचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारं इंजिन-केबिन. त्यामागे 24 फुटांचा डबा आणि त्याच्याही मागे 44 फुटांचा दुसरा डबा. इंजिन एक, ड्रायव्हर एक, ट्रेलर दोन. डेल्हिव्हरी ही कुरिअर कंपनी ती नागपूर-भिवंडी मार्गावर चालवणार, असं जाहीर झालं. या प्रकाराला रोड ट्रेन म्हणतात.

त्यावरच्या प्रतिक्रिया अपेक्षितच होत्या. निम्मे लोक म्हणाले, "भारीच!" उरलेले म्हणाले, "इथं साध्या ट्रेलरनं जीव नकोसा केलाय, त्यात ही आगगाडी कशाला?" मला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं, पण अर्धंच. गाडीच्या लांबीला जेवढं घाबरलं जातं, तेवढी ती घाबरण्यासारखी नाही. खरी अडचण ती कुठल्या रस्त्यावर सोडायची आणि ट्रेलर एकमेकांना कसे जोडायचे यात आहे.

आधी एक गैरसमज. रोड ट्रेन म्हटलं की ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ डोळ्यांपुढे येतात. लाल मातीचं माळरान, सरळसोट रस्ता आणि तीन-चार ट्रेलर ओढणारा राक्षसी ट्रक. तिथं ही परंपरा जुनीच आहे. 1934 मध्ये सरकारनं ब्रिटनमधून आठही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी मागवून उत्तरेच्या निर्जन भागात ट्रेलरांसह चालवली. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलिस स्प्रिंग्जच्या कर्ट योहान्सननं पुढच्याच्या चाकोरीतून चालणारे ट्रेलर बनवले आणि धंदा वाढवला. आज तिथल्या सर्वांत लांब सर्वसाधारण रोड ट्रेनला 53.5 मीटरपर्यंत परवानगी आहे.

पण सिडनी-मेलबर्न ह्यूम हायवेवर, जिथं खरी रहदारी आहे, तिथं ही 53 मीटरची धुडं दिसत नाहीत. तिथं प्रामुख्यानं 26 मीटरपर्यंतचे 'बी-डबल' चालतात, म्हणजे एका घोड्यामागे दोन ट्रेलर. आपली नागपूरची गाडी त्याच जातकुळीतली. आपल्याकडे 2020 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हा रोड ट्रेनसाठी 25.25 मीटर लांबी ठरली. हा आकडा युरोपातून आलाय. 1995 मध्ये स्वीडन आणि फिनलंड युरोपीय संघात आले, तेव्हा त्यांच्याकडे आधीपासून लांब ट्रक धावत होते. बाकीच्या देशांच्या प्रमाण मापाचे डबे वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडून 25.25 मीटरची गाडी करायची, अशी तडजोड तेव्हा निघाली. म्हणजे आपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं नव्हे, युरोपातलं माप उचललंय. तुलना करायची तर तिथल्याशीच करायला हवी.

आता वळणाचं बघू, कारण लोकांना पहिली भीती त्याचीच वाटते.

मोठी गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांचा माग सोडून आत येतात. चौकात एसटी वळताना आतल्या बाजूला उभ्या मोटरसायकलवाल्याला हे चांगलं ठाऊक असतं. किती आत येतात याचा हिशेब शाळेतल्या पायथागोरसनं जमतो. समजा, घोडा 20 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतोय आणि जोडापासून मागच्या चाकांपर्यंत 12 मीटर लांब असा एकच ट्रेलर त्याच्यामागे आहे. 20 चा वर्ग 400, त्यातून 12 चा वर्ग 144 वजा. उरले 256, त्याचं वर्गमूळ 16. म्हणजे मागची चाकं 4 मीटर आत आली. आता एका लांब ट्रेलरऐवजी 8-8 मीटरचे दोन घ्या. 400 मधून 64 दोनदा वजा केले की 272 उरतात, वर्गमूळ सुमारे 16.5. चाकं साडेतीन मीटरच आत आली! एकूण लांबी 4 मीटरनं वाढली, तरी वळणावर जागा कमी लागली.

म्हणजे वळणावर एकूण लांबीपेक्षा एकसंध तुकडा किती लांब आहे हे जास्त मोजलं जातं. जोड वाढला की गाडी वाकते. मात्र नागपूरच्या गाडीचे डबे समान नाहीत. जोडापासून मागच्या चाकांपर्यंत मागच्या डब्याचे 9 मीटर आणि मधल्याचे 6 मीटर धरले, तर नुसत्या 44 फुटी ट्रेलरपेक्षा ही गाडी मीटरभर जास्त आत येते. हायवेवरच्या मोठ्या वळणांना त्यानं काही बिघडत नाही. गावातल्या चौकात मात्र मीटरभरात पानटपरी असते.

वळणापेक्षा गंभीर गोष्ट सरळ रस्त्यावर, वेगात घडते. समोर अचानक खड्डा दिसला किंवा कुत्रं आडवं आलं. ड्रायव्हरनं स्टेअरिंग झटक्यात डावीकडे घेऊन परत उजवीकडे आणलं. घोड्याला बसलेला हा झटका मागच्या ट्रेलरपर्यंत पोचताना वाढत जातो, आसूडाचं टोक मुठीपेक्षा जोरात फिरतं तसा. ड्रायव्हरला केबिनमध्ये काहीच विशेष जाणवत नाही आणि मागचा डबा एका बाजूची चाकं उचलून कलंडलेला असतो. किती वाढेल ते ट्रेलर कसे जोडलेत यावर ठरतं.

जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत पहिल्या ट्रेलरच्या मागच्या हुकाला दांडी अडकवतात, दांडीच्या टोकाला चाकांची छोटी गाडी, म्हणजे डॉली, आणि डॉलीवर दुसरा ट्रेलर. इथं हूक एक आणि डॉलीवरचं फिरणारं ताट दुसरं, असे दोन ठिकाणी सांधे होतात. शिवाय दुसरा ट्रेलर कलंडू लागला तर त्याला धरायला कोणी नसतं. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे बी-डबलमध्ये, पहिल्या ट्रेलरच्याच मागच्या भागावर फिफ्थ व्हील बसवलेलं असतं. ग्रीस माखलेली जाड लोखंडी थाळी, मागे खाच. दुसऱ्या ट्रेलरच्या पोटाखालची किंगपिन त्या खाचेत शिरून खट्‌कन अडकते. दोन ट्रेलरांमधला सांधा एकच राहतो आणि मागचा डबा कलंडू लागला तर पुढच्या डब्याचं वजन त्याला आवरून धरतं. आपल्याकडे आलेली गाडी या दुसऱ्या पद्धतीची आहे, ही चांगली गोष्ट.

आणि पहिल्या पद्धतीतल्या हूक-दांडीचं काय? ती आपल्याकडे कित्येक वर्षं बिनबोभाट चालू आहे. गाळप हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या कुठल्याही रस्त्यावर जाऊन बघा. एक ट्रॅक्टर, मागे उसानं भरून बाहेर ओसंडणाऱ्या दोन ट्रॉल्या. जोडाला एक दांडी, एक पिन. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे उतारावर सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. मागचे लाल दिवे कधी असतात, कधी उसाच्या शेंड्यांखाली झाकलेले असतात. म्हणून दर हंगामात कारखाने आणि आरटीओ ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात आणि तरीही रात्री ट्रॉलीला मागून धडकून मोटरसायकलवाले जातात. ही आपली खरी रोड ट्रेन. सर्वांत गर्दीच्या रस्त्यावर, सर्वांत वाईट जोडाची. तिला विरोध होत नाही, कारण ऊस वेळेत कारखान्यावर पोचायला हवा. व्होल्वोची गाडी लांब दिसते म्हणून चर्चा होते. ब्रेक आणि जोड या दोन बाबतींत तिची आणि डबल ट्रॉलीची तुलनाही होऊ शकत नाही.

आता वजन. "एवढ्या गाडीखाली पूल राहतील का?" हा प्रश्न हमखास येतो. रस्ता खराब होतो तो एकूण वजनानं नव्हे, एकेका ॲक्सलवर किती भार पडतो त्यानं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ऑटावाजवळ 1958 ते 1960 मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की नुकसान ॲक्सलच्या भाराच्या चौथ्या घातानं वाढतं. 10 टनांचा ॲक्सल 12 टनांचा केला तर भार पाचव्या हिश्श्यानं वाढतो आणि नुकसान दुपटीवर जातं. म्हणजे नियमात बसणारी, भरपूर ॲक्सल असलेली रोड ट्रेन रस्त्याला फारशी जड नाही. वाळूनं ओव्हरलोड केलेला दहाचाकी तिच्यापेक्षा जास्त डांबर उखडतो.

पुलाचं गणित जरा वेगळं असतं, तिथं एकूण वजनही बघावं लागतं. आणि इथं एक गंमत आहे. भारतीय रस्ते महासभा, म्हणजे आयआरसी, पुलांसाठी जे प्रमाण भार ठरवते त्यातला 'क्लास ए' भार मुळात एका वाहनाचा नाहीच. तो आहे एका ओढणाऱ्या गाडीचा आणि तिच्यामागच्या दोन ट्रेलरांचा! आठ ॲक्सल, मिळून 55.4 टन. पूल बांधणारे इंजिनिअर कित्येक दशकं कागदावर दोन ट्रेलरची गाडी पुलावरून नेत आलेत. रस्त्यावर ती आत्ता आली.

तरीही वजनाच्या नियमात एक पाचर आहे आणि ती समजली की ही गाडी कोणासाठी आहे ते कळतं. 2018 मध्ये केंद्रानं ॲक्सलच्या भाराची मर्यादा वाढवली, पण गाडीचं कमाल एकूण वजन 55 टनांवर थांबवलं. लांबी वाढली म्हणून वजनाची परवानगी दीडपट होत नाही. सिमेंट, सळई, कोळसा वाहणाऱ्याचा साधा ट्रेलरच वजनानं आधी भरतो, डबा अर्धा रिकामा असतो. त्याला दुसरा डबा जोडून काय मिळणार? उलट रिकाम्या डब्याचं वजन वाढल्यानं माल कमी न्यावा लागेल. फायदा आहे तो हलक्या, फुगीर मालाला. कुरिअरची खोकी, गाद्या, चिप्स, फ्रीज. यांचा डबा छतापर्यंत भरतो आणि वजनकाटा निवांत असतो. म्हणून पहिलं गिऱ्हाईक कुरिअर कंपनी निघाली. जर्मनीनं 2012 ते 2016 अशी पाच वर्षं चाचणी घेऊन 2017 पासून लांब ट्रक कायम केले, तेव्हाही वजन मात्र नेहमीच्या ट्रकएवढंच, 40 टन ठेवलं. फक्त रेल्वे-जहाजाला जोडून चालणाऱ्या वाहतुकीला 44 टन. डबा मोठा, वजन तेवढंच.

इथपर्यंत गाडीची बाजू घेतली. आता रस्त्याची.

दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायचंय. समोरची गाडी ताशी 60 नं चाललीय, तुम्ही 80 नं. वेगातला फरक 20, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. साधा मोठा ट्रेलर नियमानं 18.75 मीटरपर्यंत असू शकतो. रोड ट्रेन त्याहून साडेसहा मीटर जास्त. ते पार करायला सव्वा सेकंद जादा. किरकोळ वाटतं ना? पण त्या सव्वा सेकंदात तुम्ही आणि समोरून 80 नं येणारा, दोघं मिळून एकमेकांकडे 50 मीटरहून जास्त सरकलेले असता. तेवढा मोकळा रस्ता जादा दिसायला हवा. ऑस्ट्रेलियाची 53.5 मीटरची गाडी असती तर सव्वासहा सेकंद आणि पावणेतीनशे मीटर. तिथं माळरानावर दोन-दोन किलोमीटर रस्ता मोकळा दिसतो. आपल्याकडे पुढच्या वळणावर बैलगाडी असते.

त्यातून मुख्य धोका हा, की ओव्हरटेक करणाऱ्याला पुढची गाडी किती लांब आहे ते मागून कळतच नाही. मागून सगळे डबे सारखेच दिसतात. तो नेहमीच्या अंदाजानं बाहेर पडतो आणि मधेच लक्षात येतं, की अजून एक डबा आहे. मागे मोठ्या अक्षरांत 'लांब वाहन' लिहिलेली पाटी हवीच, पण आपल्याकडे पाटी वाचून कोण थांबतं हा वेगळा विषय.

चौपदरी रस्ता झाला की ओव्हरटेकचा प्रश्न संपतो, पण दुभाजकातला 'कट' उरतो. दर थोड्या अंतरावर ढाब्यासाठी, पंपासाठी, गावासाठी दुभाजक फोडलेला. तिथं ट्रेलर यू टर्न घेताना बघा. दुभाजक फार तर चार-पाच मीटर रुंद, गाडी पंचवीस मीटर. म्हणजे वीस मीटर लोखंड आडवं, दोन्ही बाजूंचा रस्ता बंद आणि ड्रायव्हर केबिनमधून हात बाहेर काढून 'थांबा, थांबा' करतोय. रात्री तेही दिसत नाही. डब्याच्या बाजूला रिफ्लेक्टर पट्टी नसेल, तर अंधारात आडवा डबा म्हणजे काळी भिंत.

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 61,038 राष्ट्रीय महामार्गांवर. एकूण रस्त्यांच्या लांबीत महामार्गांचा वाटा दोनेक टक्के, मृत्यूंत छत्तीस टक्के. या रस्त्यांवर आधीच जे चाललंय त्यात रोड ट्रेन सोडायची म्हटलं तर माझं उत्तर सरळ 'नाही' आहे. आंबोली घाटासारख्या ठिकाणी तर विषयच नको. तिथं साधा ट्रेलर वळताना दोन्ही बाजू थांबतात. आणि घाटात लांब गाडीची आणखी एक गोची होते. नागपूरच्या गाडीत घोड्याचे दोन ॲक्सल, त्यातल्या एकाच ॲक्सलला इंजिनाची ताकद मिळते. मागे डबे वाढतात तसा ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनाचा वाटा घटत जातो. पावसात, ओल्या चढावर, वेग एकदा तुटला की ही चाकं जागच्या जागी फिरतात. चढावर अडकलेली दोन सांध्यांची गाडी रिव्हर्स घेणं म्हणजे मागचा डबा एकीकडे, मधला दुसरीकडे. निष्णात ड्रायव्हरही ते टाळतो.

एक युक्तिवाद मात्र गाडीच्या बाजूनं वारंवार केला जातो: दोन रोड ट्रेन तीन ट्रेलरांचा माल नेतात, म्हणजे गर्दी कमी होते. गणित बरोबर आहे. साधा ट्रेलर साडेसतरा मीटर धरा आणि प्रत्येकानं पुढे 50 मीटर अंतर ठेवलंय असं समजा. तिघांना मिळून 200 मीटरच्या वर रस्ता लागतो, दोन रोड ट्रेनना 150 च्या आसपास. वाचते ती गाडीची लांबी नाही, मधली मोकळी जागा. पण आपल्याकडे ट्रकपुढे 50 मीटर मोकळे राहतात तरी किती वेळ? त्यात एक स्विफ्ट शिरते, दोन मोटरसायकली शिरतात, कधी कधी टेम्पोही. आणि ट्रॅफिक जाममध्ये, जिथं सगळे एकमेकांना चिकटून उभे असतात, तिथं ही बचत दोन मीटरवर येते. थोडक्यात, जिथं शिस्त आहे तिथं गर्दी कमी होईल. जिथं नाही तिथं डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार वाचेल, गर्दी तेवढीच राहील.

शिस्त आहे असा रस्ता आपल्याकडे कुठला? कुंपण घातलेला, ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर करू देणारा, मोटरसायकल आणि ट्रॅक्टरला बंदी असलेला, दुभाजकात कट नसलेला. समृद्धी महामार्ग तसा आहे. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत 701 किलोमीटर, जून 2025 मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झालेला. कसारा घाटाचा त्रास इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यानं टळतो. नागपूर आणि भिवंडी ही दोन टोकं बघता या गाडीसाठी याहून योग्य रस्ता राज्यात सापडणार नाही. पण देशातल्या सुमारे 1 लाख 46 हजार किलोमीटर राष्ट्रीय महामार्गांत असे बंदिस्त रस्ते अगदी थोडे आहेत, हेही विसरून चालणार नाही. परवानगी द्यायची तर 'राष्ट्रीय महामार्ग' असा सरसकट शब्द न वापरता रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, कुठल्या इंटरचेंजनं उतरायचं, असं लिहून द्यायला हवी. जर्मनी अशीच मंजूर मार्गांची यादी ठेवते. यादीत नसलेल्या रस्त्यावर लांब ट्रक गेला की तो बेकायदा.

सातशे किलोमीटर सुरळीत गेले, तरी आमणेला उतरल्यावर गोदामापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर उरतात. भिवंडीच्या गोदामांचा भाग ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. माणकोलीच्या आसपास कंटेनर एकामागे एक उभे, मधून रिक्षा, सर्व्हिस रोडवर खड्डे आणि एखादी बंद पडलेली गाडी, मागे इशारा म्हणून दोन दगड आणि झाडाची फांदी. ऑस्ट्रेलियानं यावर साधा उपाय काढलाय. लांब रोड ट्रेन शहरात शिरतच नाही. बाहेर मोकळ्या यार्डात ट्रेलर सुटे करतात, एकेक डबा वेगळ्या घोड्यानं आत नेतात, परत जाताना पुन्हा जोडतात. आपल्याकडे हेच करायचं तर इंटरचेंजला लागून पक्क्या जमिनीचं यार्ड हवं, दिवे हवेत, जोडणी तपासणारा माणूस हवा आणि दुसरा घोडा तयार हवा. नाही तर ट्रेलर महामार्गाच्या कडेलाच सुटे होतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि ही जागा फुकट मिळणार नाही. भिवंडीच्या आसपास जमिनीचा भाव विचारून बघा. एका ड्रायव्हरच्या पगारातून आणि वाचलेल्या डिझेलमधून यार्डाचं भाडं, दुसऱ्या घोड्याचा खर्च आणि सुटं करण्या-जोडण्यातला तासभर निघाला, तरच वाहतूकदार दुसरी गाडी घेईल. नाही निघाला, तर तो इंटरचेंजवरून अख्खी पंचवीस मीटर गाडी थेट गोदामाच्या दारापर्यंत नेण्याची परवानगी मागायला जाईल. ती मागणी आली, की नाही म्हणायची तयारी परिवहन विभागानं आत्तापासून ठेवावी.